अपंगाचे ‘आत्मवृत्त’ कोणी लिहावे?

निबंधाच्या तासाचा आणि आरोग्याचा संबंध काय, असा प्रश्न शीर्षक वाचून काही वाचकांना पडेल. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. आजारी किंवा अपंग माणसाशी कसे बोलावे, त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, स्वतःवर तशी वेळ आली तर ती लपवावी की उघडपणे उपचार घ्यावेत, हे आपण दवाखान्यात शिकत नाही. ते आपण घरी शिकतो आणि शाळेत शिकतो. शाळेत शिकतो ते बऱ्याच अंशी भाषेच्या तासाला, निबंधाच्या वहीत.

या सदराच्या वाचक असलेल्या एका शिक्षिकाबाईंचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्या तालुक्याच्या गावी आठवीला मराठी शिकवतात. त्यांच्या वर्गात एक मुलगा आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे त्याचे पाय ताठ राहतात आणि बोलणे थोडे अडखळते. बुद्धी मात्र तल्लख आहे. बाई लिहितात, “आत्मवृत्तात ‘एका अपंगाचे मनोगत’ हा विषय मी दरवर्षी देते. यंदा द्यावा की नाही? दिला तर इतर मुले काय लिहितील आणि त्याला ते ऐकताना काय वाटेल, याची धास्ती वाटते. की त्यालाच स्वतःबद्दल लिहायला सांगावे?”

बाईंनी हा प्रश्न शिक्षणाधिकाऱ्यांना न विचारता एका डॉक्टरला विचारला, याचे मला कौतुक वाटले. म्हणून आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

साच्यातले दुःख

‘अपंगाचे मनोगत’ या विषयावरच्या वह्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील, काहींनी लिहिल्याही असतील. निबंध लिहिणाऱ्या मुलाला धडधाकट हातपाय असतात. तो निबंधाच्या पुस्तकातून साचा उचलतो. सुरुवातीला “काय म्हणता, मी कोण?” असा प्रश्न. मग नशिबाला दोष, आईच्या डोळ्यांतले पाणी, मुलांनी मारलेले दगड. मग एखादा दयाळू सद्गृहस्थ येतो किंवा अपंग नायक एकदम मोठा खेळाडू होतो. शेवटी समाजाला कळकळीची विनंती. गुण मिळतात दहापैकी आठ.

या निबंधात नसते ते काय? त्या माणसाची सकाळ नसते. तो अंथरुणातून कसा उठतो, संडासला कसा जातो, बसच्या उंच पायरीवर कोणता पाय आधी ठेवतो, पावसाळ्यात कुबडी निसरते तेव्हा काय करतो, त्याला कोणता विनोद आवडतो, यातले काहीच नसते. कारण लिहिणाऱ्याने त्याला कधी विचारलेले नसते.

असे निबंध दोन साच्यांत बसतात. पहिला दयेचा, दुसरा जिद्दीचा. दयेच्या साच्यात अपंग माणूस नुसता रडतो. जिद्दीच्या साच्यात तो सगळ्यावर मात करतो. दुसरा साचा वरवर चांगला दिसतो, पण त्यातही एक खोच आहे. जो मात करू शकला नाही, ज्याचा आजार वाढतच गेला, त्याच्या जिद्दीत काही कमी होते असा अर्थ त्यातून निघतो. स्नायूंचा क्षय होणाऱ्या मुलाला जिद्दीने चालता येत नाही. त्याला चाकाची खुर्ची, व्यायाम, श्वासाची काळजी आणि शाळेत खालच्या मजल्यावरचा वर्ग लागतो.

याचा आरोग्यावर कसा परिणाम होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. कानाच्या यंत्राने तिचे छान चालले होते. सातवीत असताना ‘बहिऱ्या मुलीचे मनोगत’ या विषयावरचा सर्वोत्कृष्ट निबंध वर्गात मोठ्याने वाचला गेला. त्यातली मुलगी एकटी, सर्वांना नकोशी झालेली, देवाला दोष देणारी होती. वाचन चालू असताना अख्खा वर्ग वळून माझ्या या रुग्णाकडे पाहत होता. दुसऱ्या दिवसापासून तिने यंत्र दप्तरात ठेवायला सुरुवात केली. आईला कळले तेव्हा चार महिने गेले होते आणि गणितात ती मागे पडली होती. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. निबंध लिहिणारी मुलगी तर तिची मैत्रीणच होती. पण एका निबंधाने जे झाले ते दुरुस्त करायला आम्हाला वर्ष लागले.

एका वर्गात घडलेली गोष्ट

मग अपंगत्वावर शाळेत लिहूच नये काय? तसे नाही. उलट भरपूर वाचावे आणि लिहावे. फक्त आधी ज्याचे त्याच्या तोंडून ऐकावे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीच्या बाईंचे आहे.

हेलन केलर यांचा जन्म अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८८० साली झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना तापाच्या एका दुखण्यात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. तो मेंदूज्वर असावा असा आजच्या डॉक्टरांचा अंदाज आहे. १८८७ मध्ये ॲन सुलिव्हन या शिक्षिका आल्या आणि एका हातावर पाणी ओतून, दुसऱ्या हातावर ‘पाणी’ हा शब्द बोटांनी लिहून त्यांनी भाषेचे दार उघडले. ही कथा आपण जाणतो. सुलिव्हनबाईंची स्वतःची दृष्टीही लहानपणी खुपऱ्यांच्या रोगाने अधू झालेली होती. हा रोग आपल्याकडेही घरोघरी असे. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून तो संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले.

त्यानंतरची कथा मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. अकरा वर्षांच्या हेलनने १८९१ साली थंडीच्या राजाची एक गोष्ट लिहिली आणि अंधशाळेच्या प्रमुखांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापली गेली आणि मग लक्षात आले की ती मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या जुन्या गोष्टीशी फार जुळते. ती गोष्ट कधीतरी हेलनच्या हातावर कोणी वाचून दाखवली होती. ती विसरली, शब्द मात्र मनात राहिले. शाळेत चौकशी समिती बसली आणि त्या लहान मुलीची, तिच्या शिक्षिकेला बाहेर ठेवून, उलटतपासणी झाली. लबाडी सिद्ध झाली नाही, पण मुलीच्या मनात धास्ती बसली. आपण लिहितो ते वाक्य आपलेच आहे का, की कुणाचे वाचलेले, ही शंका साधे पत्र लिहितानाही तिला पुढे कित्येक वर्षे छळत राहिली.

१९०० साली केलर रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तिथे निबंधलेखनाच्या वर्गाला चार्ल्स कोपलंड नावाचे प्राध्यापक होते. केलर यांचे सुरुवातीचे निबंध चांगल्या इंग्रजीत होते, पण त्यांतले अनुभव पुस्तकांतून आलेले, डोळस आणि ऐकू येणाऱ्या माणसांचे होते. स्वतःला जे ठाऊक आहे ते लिहा, असा कोपलंड यांच्या शिकवण्याचा रोख होता. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये केलर यांनी त्यांना पत्र लिहून कळवले की, आजवर मी दुसऱ्यांची निरीक्षणे आपली मानत आले, माझे अनुभव लिहिण्याच्या योग्यतेचे असतील हे माझ्या मनातच आले नव्हते, यापुढे मी माझे लिहीन. त्या वर्गासाठी लिहिलेल्या निबंधांतूनच त्यांचे आत्मचरित्र आकाराला आले. १९०२ मध्ये ते एका मासिकात क्रमशः छापले गेले आणि १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आले.

कोपलंड यांनी काय केले ते नीट पाहावे. ‘तुझ्या दुःखावर लिही’ असे त्यांनी सांगितले नाही. ‘तुझ्या अनुभवावर लिही’ असे सांगितले. या दोन सूचनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केलर यांनी मग वासाबद्दल लिहिले, स्पर्शाबद्दल लिहिले, पायांना जाणवणाऱ्या जमिनीच्या कंपनांबद्दल लिहिले. वादळ येण्याच्या काही तास आधी हवेच्या वासावरून ते कसे कळते, हे त्यांनी लिहिले आहे. डोळे मिटून ‘मी आंधळा झालो तर’ हा निबंध लिहिणाऱ्या मुलाला हे कधी सुचेल काय? त्याला फक्त काळोख सुचेल.

डोळ्यांवर रुमाल बांधण्याचा खेळ

काही शाळांत मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून दहा मिनिटे चालायला लावतात आणि मग निबंध लिहून घेतात. हेतू चांगला असतो. परंतु अमेरिकेत कोलोरॅडो येथील संशोधकांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, असा खेळ खेळलेल्या डोळसांना अंध माणसे नोकरीला आणि स्वतंत्र राहण्याला कमी लायक वाटू लागली. कारण उघड आहे. रुमाल बांधल्यावर पहिल्या दहा मिनिटांची भीती कळते, दहा वर्षांचा सराव कळत नाही. पांढरी काठी कशी वाचायची, आवाजावरून भिंत कशी ओळखायची, हे अंध माणसालाच ठाऊक. ते त्यालाच विचारावे, त्याचेच वाचावे.

हसू आलेला निबंध

अमेरिकेतील महाविद्यालयांत निबंधलेखनाच्या तासाला एक निबंध गेली अनेक वर्षे वाचला जातो. लेखिका नॅन्सी मेअर्स. त्यांना तिशीच्या उंबरठ्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार झाला. या आजारात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. हळूहळू हातापायांची ताकद, तोल, कधी दृष्टी कमी होत जाते. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात या आजाराचा अपंगत्वाच्या प्रकारांत समावेश झाला आहे.

१९८६ साली पुस्तकात आलेला मेअर्सबाईंचा तो निबंध कार्यालयाच्या स्वच्छतागृहात सुरू होतो. दार उघडताना तोल जाऊन त्या कपड्यांसह मागे कमोडवर पडतात आणि आपली अवस्था पाहून स्वतःच हसतात. पुढे त्या स्वतःसाठी ‘पांगळी’ हाच रोखठोक शब्द वापरतात आणि गोड, गुळगुळीत शब्द नाकारतात. दुसऱ्या कुणाला मात्र त्या हा शब्द लावत नाहीत. आपल्याकडेही अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द बदलत आले. सरकारी कागदांत आता ‘दिव्यांग’ हा शब्द आहे, निबंधाच्या पुस्तकांत अजून ‘अपंग’ आहे म्हणून मीही आज तोच वापरला. शब्दाची निवड महत्त्वाची आहेच. पण समोरच्या माणसाला कोणता शब्द चालतो ते त्याला विचारणे त्याहून महत्त्वाचे.

असा निबंध वर्गात वाचला की मुलांना दोन गोष्टी कळतात. एक, अपंग माणूस चिडतो, हसतो, कंटाळतो, आळसही करतो. दोन, त्याची अडचण नुसती त्याच्या शरीरात नसते, दारातही असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाकडे पाहण्याची जी पद्धत स्वीकारली ती हेच सांगते. शरीरातली उणीव, रोजच्या कामातली अडचण आणि समाजात मिसळण्यातला अडथळा या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि भोवतालची परिस्थिती त्या कमी-जास्त करते. पाय ताठ असणे ही शरीराची उणीव. जिना चढता न येणे ही कामातली अडचण. आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे शाळा सुटणे हा अडथळा. पहिलीसाठी डॉक्टर लागतो. तिसऱ्यासाठी मुख्याध्यापकांची एक सही पुरते.

सांगणे आणि न सांगणे

आता बाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग. त्या मुलालाच स्वतःबद्दल लिहायला सांगावे का? माझे उत्तर असे, की त्याला संधी द्यावी, सक्ती करू नये, आणि त्याने आंब्याच्या झाडावर निबंध लिहायचे ठरवले तर आनंदाने आंब्याचे झाड वाचावे.

वेद मेहता यांचे उदाहरण पाहा. १९३४ साली लाहोरला जन्मलेल्या मेहतांची दृष्टी चार वर्षांचे होण्याआधीच मेंदूज्वराने गेली. पाच वर्षांचेही नसताना त्यांना मुंबईला, दादरच्या अंधशाळेत पाठवण्यात आले. पुढे अमेरिकेत शिकून ते नामवंत लेखक झाले. १९५७ साली पहिल्या पुस्तकात त्यांनी आपली कथा सांगितली. पण नंतरची कित्येक वर्षे ते आपल्या लेखनात अंधत्वाचा उल्लेख टाळत राहिले. रंग, चेहरे, रस्ते यांची वर्णने ते डोळस माणसासारखी करत. १९७० नंतरच्या दशकांत ते पुन्हा स्वतःच्या आयुष्याकडे वळले आणि १९८२ साली दादरच्या त्या शाळेवर त्यांनी संपूर्ण पुस्तक लिहिले. केव्हा सांगायचे आणि केव्हा नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवले. आठवीतल्या मुलालाही हा हक्क आहे.

स्वतः केलर यांनी १९०८ सालच्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तक्रार केली आहे की, आयातीवरची जकात, देशाची नैसर्गिक संपत्ती यांबद्दल माझे मत काय, याच्याशी कोणाला कर्तव्य नाही, मी फक्त माझ्याबद्दल बोलावे एवढीच सर्वांची इच्छा. अपंग मुलाला प्रत्येक स्नेहसंमेलनात, प्रत्येक निबंधात अपंगत्वावरच बोलायला लावणे म्हणजे त्याला त्याच एका खोलीत कोंडणे आहे. कोल्हापुरात राहणाऱ्या लेखिका सोनाली नवांगुळ लहानपणच्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवरून जगतात. २०२१ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला तो सलमा या तमिळ लेखिकेच्या कादंबरीच्या अनुवादासाठी, म्हणजे त्यांच्या भाषेसाठी. मुलांना हेही सांगितले पाहिजे.

लिहिल्याने तब्येत सुधारते का?

मन मोकळे केल्याने बरे वाटते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी ते प्रयोगाने तपासले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहिले. काहींनी साध्या विषयांवर, काहींनी आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांवर. क्लेशकारक घटना आणि त्यांबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच अधिक उदास वाटले. मात्र पुढच्या सहा महिन्यांत ते आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. १९९९ साली दमा आणि संधिवाताच्या ११२ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. चार महिन्यांनंतर मनातले लिहिणाऱ्यांपैकी ४७ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा दिसली, तर साधे विषय लिहिणाऱ्यांत २४ टक्के रुग्णांत. पुढे २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी फायदा खरा पण लहान असल्याचे दिसले. म्हणजे वही हे औषध नव्हे. इनहेलर आणि गोळ्या चालूच ठेवायच्या.

यातली एक गोष्ट शिक्षकांनी मनावर कोरून ठेवावी. या प्रयोगांतले लेखन खासगी होते. त्याला गुण नव्हते, ते वर्गात वाचले जात नव्हते, शुद्धलेखनाच्या तांबड्या खुणा त्यावर होत नव्हत्या. तेव्हा ‘मुलाला बरे वाटेल’ म्हणून त्याच्याकडून निबंध लिहवून घ्यायचा आणि मग तो फळ्याजवळ उभे राहून वाचायला लावायचा, याला या संशोधनाचा काहीही आधार नाही.

वर्गात काय करता येईल?

बाईंना मी जे कळवले तेच इथे क्रमाने देतो. एका निबंधाला तीन तास पुरतात.

१. पहिल्या तासाला फक्त वाचन. अपंग व्यक्तीने स्वतः लिहिलेली दोन-तीन पाने वर्गात वाचा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीतच आहे. केलर यांच्या आत्मचरित्रातले एखादे प्रकरण घ्या. शाळेच्या नाही तर गावच्या वाचनालयात विचारा.

२. दुसऱ्या तासाला तीन प्रश्न. यात शरीरामुळे आलेली अडचण कोणती? इमारत, रस्ता, माणसे यांच्यामुळे आलेली कोणती? आणि लेखकाला जे ठाऊक आहे पण आपल्याला ठाऊक नव्हते, असे काय सापडले? तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. त्यातच निबंधाचे बी असते.

३. तिसऱ्या तासाला लेखन, पण ‘अपंगाचे मनोगत’ हा विषय नको. ‘माझ्या शरीराने मला शिकवलेली एक गोष्ट’ असा विषय द्या. चष्मा लागलेला पहिला दिवस, प्लॅस्टरमधला हात, अडखळणारी जीभ, टायफॉइडनंतरचा अशक्तपणा, यांवर प्रत्येकाला लिहिता येते. त्या मुलालाही येते, आणि तो एकटा पडत नाही. सोबत दुसरा विषय पर्याय म्हणून ठेवा, म्हणजे ज्याला शरीराबद्दल लिहायचे नाही त्याची सुटका होईल.

४. दुसऱ्याच्या अपंगत्वावर लिहायचे असेल तर मुलाखत घ्यायला सांगा. आजोबांना कमी ऐकू येते, शेजारचे काका काठीने चालतात. परवानगी घेऊन पाच प्रश्न विचारावेत, त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि त्यांना वाचून दाखवावे. ‘मी’ असे न लिहिता ‘आजोबा सांगतात’ असे लिहावे.

५. गुण बारकाव्याला द्या, अश्रूंना नको. “जिन्याला चौदा पायऱ्या आहेत आणि सातवीवर मी थांबतो” या एका वाक्यात साच्यातल्या अख्ख्या पानापेक्षा जास्त आहे.

६. अपंग मुलाचा निबंध इतरांसारखाच तपासा. चुका दाखवा. कीव करून दहापैकी दहा दिले तर त्याला ते लगेच कळते.

७. मोठ्याने वाचण्याआधी मुलाला एकटे गाठून विचारा. नाही म्हणाला तर कारण विचारू नका.

८. लिहिणे हीच ज्याची अडचण आहे त्याला सांगू द्या. अक्षरे उलटसुलट होणे, हाताने लिहिता न येणे यांचा ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ म्हणून कायद्यात समावेश आहे. असा निबंध मुलाने तोंडी सांगावा आणि लेखनिकाने शब्द न बदलता उतरवावा. परीक्षेत पात्र विद्यार्थ्यांना लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१८ साली काढल्या होत्या. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात वेळेवर करावी.

निबंधात भलतेच काही आढळले तर

मोकळेपणाने लिहायला सांगितले की मुले कधी कधी खरोखर मोकळी होतात. ‘मी नसतो तर घरच्यांना बरे झाले असते’ अशा अर्थाचे वाक्य दिसले तर त्यावर शेरा मारून वही परत देऊ नये. त्याच दिवशी मुलाशी एकांतात बोलावे, ऐकून घ्यावे, उपदेश टाळावा. पालकांना बोलवावे आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. १४४१६ या ‘टेलिमानस’ दूरध्वनीवर सल्ला विनामूल्य मिळतो. मुलाने लैंगिक त्रासाबद्दल लिहिले असेल तर ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने बंधनकारक आहे. तिथे शाळेच्या अब्रूचा विचार करू नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही वर्गात लिहून ठेवावा.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हाच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन यांसारखे बाहेरून न दिसणारे किंवा उशिरा दिसणारे आजारही आता त्यात आहेत. म्हणजे ‘माझ्या वर्गात असे कोणी नाही’ असे कोणत्याही शिक्षकाने खात्रीने म्हणू नये. कोणाच्या तरी दप्तरात फिटची गोळी असते, कोणाच्या तरी घरी पाठीचा कणा मोडलेले वडील असतात. निबंध वाचला जात असताना ती मुले बाकावर बसून ऐकत असतात.

पालकांनाही एक विनंती आहे. आज संध्याकाळी मुलाची निबंधाची वही पाहा. त्यात एखाद्या अपंगाचे मनोगत असेल तर त्याला एवढेच विचारा, “हे तुला कोणी सांगितले?” उत्तर ‘पुस्तकाने’ असे आले, तर रविवारी त्याला घेऊन गल्लीतल्या, नात्यातल्या अशा एखाद्या माणसाकडे जा. नुसते भेटायला. चहा घ्या, गप्पा मारा. पुढचा निबंध आपोआप वेगळा होईल.